वरातीत नाचणारी घोडी

अनघा ओव्हाळला राग यायला कारण लागत नाही, असं अख्खं कान्हे म्हणतं. साफ खोटं आहे. कारण दर वेळी असतं, फक्त बाकीच्यांना ते दिसत नाही. फाटकाजवळच्या भाजीवाल्याने एका अपंग पोराच्या आईला "मागल्या जन्माचं भोगतंय" असं ऐकवलं, तेव्हा अनघाने त्याची टोमॅटोची पाटी रस्त्यावर उलथी केली. लोकांनी उलथलेली पाटी बघितली, वर तिलाच शहाणपण शिकवलं.

कामशेतला विशेष मुलांच्या शाळेत ती मदतनीस आहे. पोरांना भरवायचं, धुवायचं, उचलायचं, हे तिचं काम. ही शाळा बघायला आयर्लंडहून काही माणसं आली होती. तिकडे अशा मुलांना घोड्यावर बसवून उपचार करतात. त्यांनी तिला तीन महिने मदतीला बोलावलं. तिकीट, राहणं, जेवण त्यांचं. पगार मात्र नाही. अनघाचे वडील केरबा रेल्वेच्या रुळांवर राबून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "लोकं पैसं कमवाया परदेशात जात्यात. आमची पोरगी इमानात बसून लीद काडाया निगाली."

लीद तिने खरोखरच काढली. गुडघाभर बूट घालून, ऊन म्हणून न पडणाऱ्या त्या मुलखात चिखल तुडवत. पण घोड्याच्या डाव्या-उजव्या बाजूने, मुलाच्या मांडीवर हात ठेवून चालायलाही ती तिथेच शिकली. घोड्याची चाल मुलाच्या कमरेत उतरते, आणि भिंतीला टेकल्याशिवाय ज्याला बसता येत नाही ते पोर हळूहळू तोल धरायला लागतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. तिथे एक नियम होता. मुलाला धरून चालणाऱ्या कुणीही 'थांबा' म्हटलं, की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, मग बोलणारा कुणी का असेना. एकदा अनघा तिच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत ओरडली, तर देणगीदारांशी बोलत असलेली मुख्य बाईसुद्धा तोंड मिटून उभी राहिली. का ओरडलीस, हे त्यांनी नंतर विचारलं. त्या रात्री अनघाला रडू आलं. फुकट राबणाऱ्या परक्या बाईच्या शब्दाला इतकी किंमत असते, हे तिला माहीतच नव्हतं.

परत आली ती हेच आपल्याकडे करायचं असं डोक्यात घेऊनच. लोणावळ्याच्या पॉइंटवर हौशीराम पर्यटकांना घोड्यावरून फिरवतो आणि लग्नसराईत वरातीला घोडी देतो. त्याची पांढरी घोडी लाडी मंगळवारी रिकामी असायची. जागा दिली प्रदीपभाऊंनी. हे माजी सरपंच, त्यांचं कान्ह्याबाहेर लग्नाचं लॉन, सपाट आणि चारी बाजूंनी कुंपण असलेलं. "लेकरांचं काम हाय, त्याला भाडं कसलं?" असं ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

आठ वर्षांची राजेश्वरी आंदर मावळातून यायची. तिची आई सविता तिला कडेवर घेऊन बांधावरून एसटीच्या थांब्यापर्यंत चालायची, मग पुढे मिळेल ते वाहन. राजेश्वरीला दोन्ही हात जमिनीवर रोवल्याशिवाय बसता येत नसे. पावसाळा सरता सरता एका मंगळवारी लाडीच्या पाठीवर तिने एका हाताने आयाळ धरली आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं नाक पुसलं. सविता घोडीशेजारी चालता चालता थबकली. आठ वर्षं ते नाक तीच पुसत आली होती.

मग प्रदीपभाऊंना आठवलं की उद्घाटन राहिलंय. काम सुरू होऊन तीन महिने झाल्यावर उद्घाटन, म्हणजे वरातीमागून घोडं. पण भाऊंची हौस. अनघाने त्यांना बसवून सांगितलं, "लाडी वरातीची घोडी आहे. वाजायला लागलं की नाचायचं, हेच तिला शिकवलंय. त्यामुळे डीजे नको, फटाके नकोत, काहीही वाजवायला नको." भाऊंनी शब्द दिला. आणि त्यांच्या हिशेबाने तो पाळलासुद्धा. डीजे आला नाही, एक फटाकाही फुटला नाही.

आलं ते गावच्या मंडळाचं ढोल-ताशा पथक. आपल्याकडे ढोल-ताशाला कुणी आवाज म्हणतच नाही, तो पाहुण्याचा मान. उद्घाटनाला बोलावलेला पाहुणा गाडीतून उतरला आणि ताशा कडाडला.

राजेश्वरी तेव्हा लाडीवर होती. एका बाजूला सविता, दुसऱ्या बाजूला अनघा, पुढे दोरी धरून हौशीराम. लाडीने मान ताठ केली, पुढचे पाय उचलले आणि शिकवल्याप्रमाणे नाचायला लागली. जनावराची काय चूक? पोरीचं अंग लाकडासारखं ताठ झालं, डोकं मागे गेलं. "थांबा," अनघा ओरडली. एकदा, दोनदा, घसा फाटेपर्यंत. कुणी थांबलं नाही. उलट लोकांना वाटलं, पाहुण्यासाठी घोडी खास नाचवलीय. टाळ्या पडल्या, मोबाइल वर झाले, कुणी शिटी मारली. राजेश्वरी घसरली ती थेट अनघाच्या छातीवर आली. हाड मोडलं नाही एवढंच. तिची किंकाळी त्या वाजपात कुणाला ऐकूही गेली नाही.

अनघाने पोरीला सविताच्या हातात दिलं, सरळ पथकाकडे गेली आणि पहिला जो ढोल समोर आला त्यात लाथ घातली. ढोलाचं ताणलेलं पान टरकन फाटलं. तेव्हा कुठे सगळे थांबले.

आणि मग गाव पेटलं. पोर पडली म्हणून नाही, वाद्याला पाय लावला म्हणून. ज्या ढोलाला आधी हार घालून मग हात लावतात, त्याला लाथ? मंडळाची पोरं अंगावर धावली, हौशीराम लाडीला घेऊन मधे उभा राहिला म्हणून बरं. प्रदीपभाऊंनी लॉनच्या फाटकाला कुलूप घातलं. "माफी माग, मग बगू," म्हणाले. अनघा म्हणाली, "मेले तरी मागणार नाही." ढोलाचं पान फाटलं ते सगळ्यांना दिसलं, पोरीचा विषय काढायला एक माणूस तयार नव्हता. या गावाच्या तोंडात शेण घालावं असं तिला वाटत होतं, आणि का वाटू नये?

दुसरी जागा शोधायला ती वणवण फिरली. आंदर मावळात जिकडेतिकडे चढ-उतार, शाळेच्या अंगणात गुळगुळीत फरशी. दोन मंगळवार कोरडे गेले. तिसऱ्या मंगळवारी सविता राजेश्वरीला कडेवर घेऊन तिच्या दारात आली.

"ताई, घोडी कुटं हाय?"

"जागा नाही, सविता. ते माफी माग म्हणतात."

"मग मागा की."

"मी? तुझी पोर पडली, आणि माफी मी मागू?"

"पोर माझी पडली, व्हय. ती भ्यालीबी. पन रोज सकाळी उशीवर थापा मारती न् लाडी लाडी करती. दोन आठवड्यात तिची मान परत कलायला लागली, बगा." सविताने राजेश्वरीला ओट्यावर बसवलं. पोरीने लगेच दोन्ही हात खाली रोवले.

अनघाने पायात चपला घातल्या.

मंडळाची पोरं प्रदीपभाऊंच्या पडवीत मुद्दाम बोलावून घेतली होती. अनघा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि वाद्याला पाय लावल्याबद्दल माफी मागितली. तोंडात विस्तव धरून बोलावं तसे शब्द काढले. भाऊंनी किल्ली पुढे केली, चहा सांगितला, "रागावर ताबा ठेवावा पोरी" असा सल्ला दिला. राजेश्वरी आईच्या कडेवर समोरच होती. तिला कुणी विचारलं नाही, लागलं का म्हणून.

अनघा किल्ली घेऊन बाहेर आली. "मागितली माफी," ती म्हणाली. "पण राग गिळून माझ्या पोटात आग पडलीय, सविता."

सविताने पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमी आज गिळला," ती म्हणाली. "मी हिच्या जल्मापासनं रोज गिळती, ताई. चला, हौशीरामाला फोन लावा."