बंड्याची नोकरी

आमच्या ह्यांना बंड्या कुत्र्याचं जेवढं कौतुक, त्याच्या निम्मं माझं असतं तर मी आज राणीसारखी बसून खाल्लं असतं. पिल्लू असताना त्यानं माझ्या तीन चपला खाल्ल्या आणि एक जावयाची. हे म्हणाले, "दात शिवशिवतात गो त्याचे." माझी दाढ ठणकत होती तेव्हा मात्र मला लवंग धर म्हणून सांगितलं आणि बागेत निघून गेले.

तरणा होता तेव्हा कुत्रा खरंच कामाचा होता, खोटं कशाला बोलू. आम्ही केळशीत दर्शनशेठच्या आंब्याच्या बागेत राखणीला. कलमांना आंबे धरले की वानरं उतरतात, आणि बंड्या बागेच्या दगडी गडग्यावरून असा सुटायचा की वानरं शेजारच्या बागेत. उरलेला वेळ साहेब वाडीभर सोयरिकी जुळवीत हिंडायचे. पुढे अंगानं भरला आणि बसल्या जागेवरून भुंकायला लागला. आता बारा वर्षांचा झालाय. तोंड पांढरं, डोळ्यांवर साय, आणि कानानं ठार बहिरा. उठायचं म्हणजे आधी पुढचे पाय, मग विचार, मग मागचे पाय. हेही खाटेवरून तसेच उठतात, फक्त वर कण्हतात.

दोन वर्षं झाली, तो भुंकतच नाही. वानरं आली की हे करवंदीच्या जाळीमागे जाऊन स्वतः भुंकतात. मी म्हटलं, "अहो, डबा बडवा, माणसासारखं हाकला." तर म्हणतात, "आजूबाजूच्या बागांत ऐकू जायला पायजे. कुत्रा गप झाला असं कोणी शेठच्या कानावर घातलं, तर संपलं त्याचं." लग्नात मुलगा गप्प स्वभावाचा म्हणून सांगितलं होतं मला.

यंदा शेठ मुंबईहून आले. पडवीत पसरलेला बंड्या बघितला आणि मोबाईल काढला. "लवूकाका, कुत्र्याची बारा म्हणजे माणसाची सत्तर. ह्याला बाजारात सोडून या कुठेतरी. मी तरणा कुत्रा पाठवतो." सत्तरीच्या माणसाला बाजारात सोडून यायचं, मोबाईलमध्ये तसंच लिहिलं असणार.

ह्यांचा चेहरा उतरला. "नाय शेठ, राखतो तो अजून. उद्या सकाळी बघा."

सकाळी शेठ पायरीवर चहा घेत बसले. हे बंड्याला घेऊन आधीच जाळीमागे गेले होते. वानरं उतरली आणि जाळीमागून जे काय भुंकणं सुरू झालं, मी पदर तोंडात कोंबला. वानरं पळाली. मग जाळीतून बंड्या एकटाच डुलत डुलत बाहेर आला, दमल्याचं सोंग न करताही दमलेला.

"अरे वा," शेठ म्हणाले. "कुत्रा कामाचा आहे. पण काका कुठेत? तो जनावर असून राबतोय, आणि हे कुठे झोपलेत? येसूकाकी, कुत्रा राहू दे इथेच. राखण्या मात्र मी दुसरा बघतो."

मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे आले. डोक्यात करवंदीची पानं, हातावर ओरखडे. हातानंच मला गप्प केलं आणि शेठना विचारलं, "म्हणजे बंड्या राहिला ना?" घसा पार बसला होता.

"आवाज बघा काका तुमचा," शेठ म्हणाले. "वय झालं आता."

मला ह्यांचा राग आला, आणि मायाही इतकी आली की डोळ्यांत पाणी आलं. दुपारी आम्ही बोचकं बांधलं. हे बंड्याच्या डोक्यावरून हात फिरवून निघाले ते मागे न बघता.

फाटकापाशी मी वळून पाहिलं. पुढचे पाय, मग विचार, मग मागचे पाय. बंड्या जमीन हुंगत ह्यांच्या मागावर निघाला होता. शेठ पायरीवरून हाका मारीत होते, शीळ घालीत होते, टाळ्या वाजवीत होते. त्याची नोकरी कायम झाली होती, पण त्या बहिऱ्याला ते कोण सांगणार.