ता, ती आणि जर्मन

माझी थोरली बहीण मुंबईत जन्मभर जर्मन शिकवत होती. घरात आम्ही तिला बाय म्हणत असू. यंदा ती गेली. भेटायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की मालवणच्या मुलीला त्या काळात जर्मन कुठून सुचलं? मी प्रत्येकाला काहीतरी थोडक्यात सांगितलं. खरं उत्तर थोडक्यात सांगण्यासारखं नाही. म्हणून सवड काढून, थोडं थोडं लिहिते आहे.

पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या वडिलांचं दुकान होतं. काथ्याचे दोर, डांबर, शिडाचं कापड, गळ असा होडीवाल्यांना लागणारा माल. दुकानाच्या मागच्या बाजूला घर. बाय मॅट्रिक होऊन घरी बसलेली आणि मी तिच्या मागे दीड वर्षानं तशीच बसणार हे ठरलेलं. आचऱ्याच्या एका घरातून बायला मागणी आली होती. माडांची बाग, भाताची शेती, माणसं चांगली. वडिलांनी अजून होकार कळवला नव्हता, पण नकारही नव्हता.

हायस्कुलात आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर क्रिस्तांव होते. तरुणपणी पाद्री व्हायला म्हणून ते पुण्याला गेले होते. तिथले जर्मन पाद्री त्यांना शिकवत. शेवटी त्यांचं मन पाद्री होण्यात लागलं नाही. ते परत आले, मास्तर झाले, लग्न केलं. येताना सोबत काही जर्मन पुस्तकं आणि ती भाषा घेऊन आले. मालवणात त्या भाषेत बोलायला त्यांना कोणी नव्हतं.

बायची शाळा सुटली तरी आम्ही दोघी त्यांच्याकडे वाचायला पुस्तकं मागायला जात असू. एकदा बायनं त्यांच्या कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. अक्षरं ओळखीची आणि शब्द एकही नाही.

"सर, ह्या वाचूक येता, पण कळना नाय," ती म्हणाली.

"पंधरा वर्सां ता पुस्तक कोणीतरी ह्या म्हणूची वाट बघता," सर म्हणाले. "बस."

असं ते सुरू झालं. आठवड्यातून दोनदा आम्ही दोघी त्यांच्या पडवीत जात असू. सरांची बायको आतून काळा चहा पाठवायची आणि वर "खोब्रेल लावल्यासारखा जर्मन बोला, खोकल्यासारखा नको" असं ओरडून सांगायची.

सरांची शिकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. जर्मन इंग्रजीतून शिकू नका, असं ते म्हणत. इंग्रजीतून गेलात तर घाट चढून जाल, मराठीतून गेलात तर सपाटीनं. जर्मनच्या चार विभक्त्या त्यांनी आम्हाला प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी अशाच शिकवल्या. इंग्रज मुलं ज्यावर रडतात म्हणे, ते आमच्या घरातलंच निघालं. पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं, हे सांगताना सर उगाच गंभीर झाले, आणि आम्हाला कळेना की यात सांगण्यासारखं काय आहे. ते मग जायचं कुठे? शब्दाला शब्द जोडून लांबलचक समास करायची जर्मन लोकांची सवय तर संस्कृतची वाटे. बोटात घालायच्या अंगुस्तानाला जर्मनमध्ये 'फिंगरहूट' म्हणतात, म्हणजे बोटाची टोपी. हे कळल्यावर बाय दुकानात शीड शिवायला बसणाऱ्या म्हाताऱ्याला रोज विचारायची, "आजा, आज टोपी खंय ठेवलास?" म्हातारा डोकं चाचपायचा आणि ती त्याच्या बोटाकडे दाखवायची. एकदा वडील गल्ल्यावर बसून हे ऐकत होते. तेही हसले. जर्मनवर ते हसले ती पहिली वेळ.

मी चतुर्थीपर्यंत पोचले आणि थांबले. "चतुर्थी इली आनी ह्या मोदक खावन निजला," सर माझ्याविषयी म्हणायचे. बाय पुढे गेली. तिला त्या भाषेत काय दिसत होतं ते मला तेव्हा पुरतं कळलं नाही. एक मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. ती जर्मन शिकू लागली तशी मराठीकडेही वळून पाहू लागली. आपण जन्मापासून बोलत आलो त्या वाक्याला थांबवून विचारू लागली, तू असं का?

त्यातलंच एक वाक्य पुढे तिचं आयुष्य ठरवणार होतं.

आमच्या मालवणीत मुलगी नपुंसकलिंगी असते. चेडू म्हणजे मुलगी, आणि चेडू कायम 'ता'. 'ती आली' म्हणायचं नाही, 'ता इला' म्हणायचं. यात अपमान नसतो. उलट लहानपणची माया असते. पण मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली, तरी घरातल्या थोरांच्या तोंडी ती बराच काळ 'ता'च राहते. वडील आम्हा दोघींविषयी आमच्यासमोरही तसंच बोलत. "ता काय करतला जर्मन शिकान? आचऱ्याक जर्मन कोण बोलता?" हे तर त्यांचं रोजचं.

आणि एके दिवशी सरांनी सांगितलं, की जर्मनमध्येही मुलगी नपुंसकलिंगीच. दास मेडशेन. ती नव्हे, ते.

"पुण्यात माझ्यावांगडा शिकणारे ह्याच्यार अडखळत," ते म्हणाले. "पोरगी ते कशी, म्हणान भांडत. माका काय त्रास झालो नाय. माझ्या आवशीन माझ्या भयणीक जन्मभर ताच म्हटल्यान."

बायला इतका आनंद झाला, की तिनं मालवणीवर सगळा भरवसा टाकला. पुढच्या वेळी लिहून आणलेल्या निबंधात तिनं शेजारच्या घरातल्या नव्या सुनेचं वर्णन केलं होतं, आणि त्या सुनेला सगळीकडे 'ते' करून टाकलं होतं. फ्राऊ म्हणजे बाई, तिच्याआधीही नपुंसकलिंगी 'दास'. चूकच, पण ही चूक आमच्याच मुलखातलं माणूस करणार. आमच्याकडे नवी सून 'ता'च असते.

सर पोट धरून हसले. "नाय गो बाय. थंय लगीन झाला काय बायलमाणूस 'ती' जाता. दी फ्राऊ." 'जाता' म्हणजे आमच्याकडे 'होते'.

बाय हसली नाही. तिनं विचारलं, "आनी लगीन नाय केला तर?"

"तर फ्रॉयलाइन. ता पण ताच. ऐंशी वर्सांचा झाला तरी ता."

"म्हणजे लगीन केल्याशिवाय ती जावचो रस्तोच नाय?"

सरांनी चहाचा पेला खाली ठेवला. त्यांना तो प्रश्न व्याकरणाचा राहिला नसल्याचं कळलं असावं. ते म्हणाले, "आसा. मास्तरीण जा. दी लेअरेरिन. ती तीच. थंय लगीन कोण इचारीत नाय."

त्या संध्याकाळी घरी येताना बाय समुद्राकडे बघत चालत होती आणि ओठांतल्या ओठांत 'दी लेअरेरिन' म्हणत होती. मला वाटलं ती शब्द पाठ करते आहे.

मग सरांनीच चौकशी केली. मुंबईत एका कॉलेजात जर्मन घेऊन बी. ए. करता येत होतं. तोंडी परीक्षेत चांगलं केलं तर फी माफ, आणि मुलींच्या वसतिगृहात जागा. सर स्वतः दुकानात येऊन वडिलांशी बोलले. वडिलांनी त्यांना बसायला दिलं, मानानं ऐकून घेतलं. ते गेल्यावर आईला म्हणाले, "जावन येवदे तेका. परीक्षेत बसला आनी पास झाला, तर बघू. नाय झाला, तर आचऱ्याक होय म्हणान कळयतलंय. मगे ह्या जर्मन बंद."

  पैज काय लागली आहे ते घरातल्या सगळ्यांना कळलं. मलाही. बाय हरली असती तर तिच्या मागोमाग माझीही पुस्तकं मिटली असती.

वडील तिला घेऊन आगबोटीनं मुंबईला गेले. परीक्षेला मी नव्हते. पण बायनं मला ती हकिकत इतक्यांदा सांगितली, की ती खोली मी पाहिल्यासारखी वाटते. परीक्षक एक वयस्क जर्मन बाई होती. तिनं वडिलांनाही आत बोलावून खुर्ची दिली. ते मांडीवर छत्री आडवी धरून बसले.

बाईनं घरचं सांग म्हटलं. बायनं दुकान सांगितलं, दोर सांगितले, शीड शिवणारा म्हातारा आणि त्याची बोटाची टोपी सांगितली. मग माझ्याविषयी बोलताना ती 'ते' म्हणत गेली, कारण मी मेडशेन. बाईनं तिला थांबवलं. इथली बहुतेक मुलं या ठिकाणी 'ती' म्हणून चुकतात, तू कशी चुकली नाहीस?

"माझ्या आईच्या भाषेतही मुलगी नपुंसकलिंगी असते," बाय म्हणाली. "मी स्वतः घरी अजून 'ते'च आहे."

"मग 'ती' कधी होणार?" बाईनं विचारलं.

"तुम्ही पास केलंत तर."

जर्मन बाई मोठ्यानं हसली. इतकी, की चष्मा काढून डोळे पुसू लागली. वडील एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिले. निकाल तिथल्या तिथे सांगितला. बाय पास झाली होती. पण आमच्या घरात वडिलांनी 'बघू' म्हटलं, की त्याचा अर्थ बघूच असे.

परतीच्या बोटीत वडिलांनी विचारलं, "ती बाई कित्याक हसली?"

बायला टाळता आलं असतं. बोटीवर वारा होता, आवाज होता. पण तिनं सांगितलं. "तुमी माका 'ता' म्हणतास, ह्या मी तिका सांगलंय."

"मगे काय म्हणाक होया?"

 बाय पाण्याकडे बघत बसली.  विजयदुर्ग गेल्यावर वडील म्हणाले ते एवढंच, की ऊन लागतं, इकडे सरून बस.

बोट मालवणला लागली ती दुपारी. आई आणि मी चुलीपाशी होतो. वडील एकटेच पुढे आले, चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं.

"ता खंय रवला?" आईनं विचारलं.

"ती येता पाटसून," वडील म्हणाले. 

आई ताठ झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डब्यातून आणखी एक मूठ तांदूळ काढून सुपात टाकले. मग हलक्या आवाजात म्हणाली, "पावणी हाडलास तर निरोप तरी धाडूचो. कोण ती? खंयची?"

"कसली पावणी?"

"तुमीच म्हणतास, ती येता म्हणान."

वडिलांना क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं, आणि ते चिडले. चांगलेच लाजलेही असावेत. "अगो, तुझा चेडू! आनी कोण येतली? सरांकडे गेली, त्यांका सांगूक. पास झाली ती!"

एकाच दमात चेडू आणि ती. व्याकरणात न बसणारं ते वाक्य बोलून ते तरातरा दुकानात गेले. तिथून त्यांचा आवाज आला, "आचऱ्याक निरोप धाडूक होयो. ती मुंबैक जातली."

आई तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. जास्तीचे तांदूळ तिनं परत डब्यात टाकले नाहीत. बाय सरांना घेऊनच आली. पडवीत तिनं पहिलं मला विचारलं, बाबा काही बोलले का? मी सांगितलं. तिनं मला दोनदा सांगायला लावलं. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "बघ, दी लेअरेरिन जावच्याआधीच 'ती'." त्यांच्यासाठी भात पुरला.

त्यानंतर वडिलांनी तिला कधी 'ता' म्हटलं नाही. पुढच्या वर्षी मी रत्नागिरीला कॉलेजात गेले तेव्हा मीही न मागता 'ती' झाले. बायच्या वाटेनं मला बरंच काही असं आयतं मिळालं.

परकी भाषा शिकून काय होतं, असं लोक विचारतात. नोकरी मिळते, देश बघता येतो, हे सगळं बायला मिळालं. साठच्या दशकात ती जर्मनीलाही जाऊन आली. पण मला वाटतं, तिला सगळ्यात आधी मिळाली ती तिची स्वतःची मालवणी. दुसऱ्या भाषेच्या अंगणात उभं राहून तिनं आपलं घर पाहिलं, आणि कुठला दरवाजा बुटका आहे ते तिला दिसलं. वाकून आत जायचं की चौकट उंच करायला सांगायची, हे मग तिचं तिनं ठरवलं.

आईनं मात्र शब्द बदलला नाही. बाय मुंबईत मास्तरीण झाली, केस पिकू लागले, तरी सुट्टीत यायची असली की आई सगळ्यांना सांगायची, "ता येतला." एकदा मी आईला टोकलं. बायच मला म्हणाली, "रवांदे गो. बापाशीकडसून माका ती होया होता. आवशीन ता म्हटलेला माका होया."

आता आई नाही, वडील नाहीत, सर नाहीत. बायला 'ता' म्हणण्याच्या वयाचं माणूस उरलं नाही. धाकट्या बहिणीला तो हक्क नसतो. थोरली ती 'ती'च. इथवर लिहून झाल्यावर काल मी पेन खाली ठेवलं आणि कोणी ऐकत नाही असं पाहून एकदाच म्हणून पाहिलं, आई म्हणाली असती तसं.

ता गेला.