सात मात्रांचा परण्या

माणसाला पाय दोन असतात. लग्नाची मिरवणूक ठरवताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मी ठेवली नव्हती, आणि लग्न माझंच होतं!

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. पगार बेताचा, पण घरी रेकॉर्ड-प्लेअर होता आणि मुंबईच्या मित्राने दिलेली विलायती रॉक संगीताची एक तबकडी होती. तिच्यातल्या एका गाण्याने मला झपाटलं. त्यात चाराऐवजी सात मात्रा होत्या. म्हणजे एक-दोन-तीन-चार म्हणून आपण थांबावं, तर गाणं पाच-सहा-सात करत पुढे निघून गेलेलं! (आपल्या रूपक तालातही सातच मात्रा, पण भजनात गिटार नसते, असा माझा तेव्हाचा मुद्दा होता.) हे आपल्या लग्नात वाजलंच पाहिजे, असं ठरवून मी बँडवाल्या नामदेव मास्तरांना घरी बोलावलं. चहा संपायच्या आत त्यांनी क्लॅरिनेटवर चाल उचलली.

"वाजवू की सायेब. पन ह्याच्यावर नाचनार कोन?"

"नाचायचं कशाला? नुसतं चालायचं!"

सासुरवाडी औंधजवळची. गाव असं, की घरटी एक माणूस पलटणीत. होणारे सासरे निवृत्त सुभेदार. हुंडा नाही, मानपान नाही, अट एकच. "गोरज मुहूर्त हाय. दिवस बुडताना अक्षता पडल्या पायजेत. उशीर झाला तर मी मांडवाचं दार लावनार." हे नुसतं बोलणं नव्हतं. थोरल्या मुलीच्या लग्नात उशिरा आलेली वऱ्हाडाची मंडळी त्यांनी खरोखर परत पाठवली होती!

मारुतीच्या देवळातून परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मांडवाकडे निघाला. घोड्यावर मी, मागे बायका, पुढे बँड. शिवाय त्या गावची एक रीत होती. जावयाच्या मानासाठी गावातले सगळे पेन्शनर सैनिक छातीवर बिल्ले लावून, तिघातिघांच्या रांगेत बँडमागे चालत. त्यांचे म्होरके बापू हवालदार. मांडव समोर दिसत होता.

ढोल वाजला. धम्म! सगळ्यांचा डावा पाय पडला. मोठ्या ढोलावर डावा पाय, हे पलटणीतला माणूस मरेपर्यंत विसरत नाही. सात पावलं झाली. पुन्हा धम्म! आता पाय उजवा होता.

"कदम बदल!" बापू गरजले. सगळ्यांनी छोटी उडी मारून पाय बदलला. पुढचा धम्म आला, तो पुन्हा उजव्यावरच! पुन्हा उडी!

"कोन चुकतंय रं?" बापूंनी मागे वळून विचारलं.

"तूच चुकतुयास की बापू!" रांगेतून उत्तर आलं.

"मी? आयुष्यात डावा पाय चुकिवला न्हाई गड्या मी!"

पाय जुळत नसतील तर पलटणीत उपाय ठरलेला. जागच्या जागी पावलं टाकायची आणि जुळली की पुढे निघायचं. बापूंनी हुकूम सोडला, "कदम ताल!" आणि सगळी फौज उभ्या जागी धूळ उडवू लागली. पण सात मात्रा दोन पायांत जुळणार कशा?

"मास्तर, दुसरं काहीतरी वाजवा!" मी घोड्यावरून ओरडलो.

मास्तरांनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "सायेब, लोकास्नी लय आवडलंय! हलायला तयार न्हाईत!" त्यांनी गाणं पहिल्यापासून सुरू केलं.

बायका आमच्या बाजूने गप्पा मारत पुढे निघून गेल्या. त्यांना पलटणीने काही शिकवलेलं नव्हतं. सूर्य डोंगराला टेकला. मी घोड्यावरून उतरू लागलो, तर मामांनी माझा पाय धरला. "उतरायचं न्हाई! मांडवाच्या दारापातूर नवरदेवाचा पाय भुईला लागत न्हाई!"

मांडवात बायका पोचल्या, नवरदेव नाही. सुभेदार तरातरा आमच्याकडे आले. दार लावण्याचा निर्णय चेहऱ्यावर दिसतच होता.

"काय चाललंय हे? बापू, तुमी—"

धम्म! सुभेदारांचा डावा पाय पडला. पुढच्या धम्मला उजवा. त्यांनी उडी मारली. मग बापूंच्या शेजारी रांगेत उभे राहून तेही पावलं टाकू लागले!

शेवटी सासूबाई धावत आल्या. "आवं, मुहूर्त चाललाय! पोरगी अंतरपाटाम्होरं उभी हाय!"

"थांब गं! पाय जुळू दे आदी!" सुभेदार म्हणाले.

सासूबाईंनी वाद घातला नाही. त्या सरळ ढोलवाल्याकडे गेल्या आणि त्याच्या हातातली काठी काढून घेतली. ढोल थांबला. त्याबरोबर सगळी फौज साध्या माणसांसारखी मांडवाकडे पळत सुटली. अक्षता मुहूर्तावर पडल्या, पण जेमतेम. दार लावणाराच नवरदेवाबरोबर धापा टाकत आत शिरल्यामुळे तो प्रश्न पुन्हा निघाला नाही.

सप्तपदीच्या वेळी मात्र सुभेदारांनी बजावलं, "जावईबापू, पावलं नीट मोजा."

मला हसू आलं. साऱ्या गावात सात मोजण्याचा सराव होता तो फक्त मला! मनात तीच चाल घोळवत, दोन्ही गावांच्या देखत मी ऐटीत पावलं टाकली, आणि शेवटचं जरा जोरातच टाकलं.

"आवं, सात मगाशीच झाली की!" बायकोने उपरण्याला धरून मला मागे ओढलं.

तिचं माझ्याशी हे पहिलं वाक्य. घरातलं मोजण्याचं खातं तेव्हापासून तिच्याकडे आहे. माझ्याकडे ठेका धरण्याचं. तेही ती घरात नसताना!