कुलपातला मेन स्विच

माझ्या मामावर अन्याय झाला. २००६ सालच्या मे महिन्यात, एका शनिवारी भर दुपारी, आमच्या भाड्याच्या घरातल्या न्हाणीघरात. घरमालक त्याला अपघात म्हणतात. मी म्हणत नाही.

न्हाणीघराला खिडकी नव्हती. बंब पेटवला की धुरानं आईचा दमा उसळायचा. म्हणून मामानं एक्झॉस्ट फॅन आणला, भिंतीला भोक पाडून बसवला. राहिली वायर जोडायची. मेन स्विच जिन्याखालच्या कपाटात, कपाटाला मालकांचं कुलूप. किल्ली मागितली तर म्हणाले, "भाडेकरूच्या हातात मेन गेला की मीटर उलटा फिरतोय. लोडशेडिंगात करा की काम!" आणि किल्लीसकट मलकापूरला लग्नाला गेले.

ठरल्या वेळी लाईट गेली. मामा अनवाणी लोखंडी स्टुलावर चढला, बल्बचा बोर्ड उघडला. खाली फरशी ओली. मी बॅटरी धरून उभी.

"मामा, लाईट लवकर आली तर?"

"आली तर च्या पाजू की पावण्याला! चळवळीची पत्रकं वाटून वाटून तुला सगळीकडं संकटच दिसतंय. उजेड नीट धर."

बाहेरच्या खोलीतला पंखा कुरकुरला. मग फिरायलाच लागला. मी वर बघितलं. मामाचा हात बोर्डाला चिकटला होता. दात आवळलेले, घशातून नुसती घरघर. मी त्याला धरायला गेले.

"शिवू नगंस!" आई ओरडली. तिनं जेवणाचा लाकडी पाट घेतला आणि सगळा जोर लावून स्टूल ढकललं. मामा खाली कोसळला.

हलेना. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत राहिली, "बोल की रं. शिवी दे, पर बोल." किती वेळ गेला मला सांगता येत नाही. शेवटी ओठ हलले, "लाईट... बंद करा."

तेच तर करता येत नव्हतं! उघडी वायर आमच्या डोक्यावर लोंबत होती आणि आम्ही ओल्या फरशीवर होतो. त्याला काखेत धरून ओढत बाहेर काढलं. मग मी वरवंटा उचलला आणि ते कुलूप फोडलं. पहिले घाव दारावरच बसले; कुलूप तुटल्यावर मेन बंद केला.

मामा वाचला. उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. मालक परत आले आणि त्यांनी आधी कुलपाची चौकशी केली.

भाड्यानं राहत असाल तर वाचणं थांबवा, उठा, मेन स्विच कुठं आहे ते बघा. कुलपात असेल तर किल्ली आजच मागा, आणि मिळेपर्यंत घरातल्या एकाही वायरीला हात लावू देऊ नका. आणि घरमालक असाल तर ते कुलूप काढा. आत्ता.