खाली थेंब नाही

मिस्त्रींचा कोणावर चटकन विश्वास बसत नसे, बायकोच्या भावावर तर मुळीच नाही. या मेहुण्याच्या जुन्या डिझेल गाडीतलं कूलंट रोज कमी होई, पण खाली थेंब दिसत नसे. दुसऱ्या गॅरेजवाल्याने इंजिन उघडायला सांगितलं होतं.

मिस्त्रींनी इंजिन गार असताना गळती दिसावी म्हणून कूलंटच्या टाकीला पंपाने हवेचा दाब दिला आणि अर्धा तास एकेक पाइप चाचपला. सगळे कोरडे. मग त्यांनी डॅशबोर्डखालचं कार्पेट दाबलं. बोटं चिकट झाली, गोडसर वास आला.

"इथे काय सांडलंस?"

"मी नाही, दाजी. ताईने सरबत सांडलं असेल."

"ताईच्या नावावर खपवू नकोस. हे कूलंटच आहे, ते आतल्या हीटरमधूनही फिरतं. तो हीटर गळतोय. इंजिन उघडायचं नाही."

मेहुण्याचा जीव भांड्यात पडला. मिस्त्रींनी बोटं पुसली आणि कार्पेट पुन्हा एकदा दाबून पाहिलं.