पिशवीतला कागद

माझे पती अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत. त्याआधी चार वर्षे ते दर्यापूरकडच्या एका खेड्यात होते. तिथे प्रयोगाचे सामान नव्हते, म्हणून ते प्रयोग पुस्तकातून वाचून दाखवत. "पाणी तापले असे समजा," असे म्हणत आणि मुले समजत. या गोष्टीची त्यांना पुढे फार लाज वाटे. त्यांनी ती मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितली होती.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला अकोल्यात विज्ञान शिक्षकांचे संमेलन भरले. त्यात त्यांना अर्धा तास मिळाला होता. विषय होता, विकत न घेता करायचे प्रयोग. उडालेल्या बल्बचा चंबू, दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची कप्पी, शाईच्या बाटलीचा दिवा. महिनाभर घरात दुसरे काही चालले नव्हते. त्यांनी कृतींचा एक कागद स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि शाळेच्या सायक्लोस्टाइलवर त्याच्या प्रती काढल्या. खेड्यातल्या मास्तरांच्या हातात तो कागद पडावा, एवढ्यासाठीच ते अकोल्याला निघाले होते. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवीत असे. रजा काढून मीही गेले, कारण बल्ब माझ्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून मांडीवर घ्यायचे होते.

संमेलन एका शाळेत होते. पटांगणात प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या एका कंपनीने मांडव घातला होता. दुपारचे जेवण त्याच कंपनीचे होते, त्यामुळे कार्यक्रमपत्रिका तिच्या सोयीने हलत होती. व्याख्यानाचा वर्ग अजून उघडला नव्हता, म्हणून यांनी व्हरांड्यातल्या एका बाकावर आपले सामान मांडून ठेवले. जेवून आलेले मास्तर तिथे थांबू लागले.

"काहो, हा चंबू केवढ्याले?"

"विकायचा नाही. उडालेल्या बल्बचा आहे. घरी करता येतो."

"मंग इथं मांडून काहून राहिले?" विचारणाऱ्याने सोबत्याकडे वळून म्हटले, "भाव सांगत नाही म्हणजे मालात खोट हाय."

"कमिशन नाही ना देत, मंग चाल तिकडं. तिकडं फुकट पिशवी भेटते."

ते दोघे हसत मांडवाकडे गेले. त्या काळी संमेलनात बाकावर काही मांडलेले दिसले की किंमत आणि शाळेसाठी घेणाऱ्या मास्तराला मिळणारे कमिशन विचारायची रीतच होती. विकायला नसलेली वस्तू कोणी मांडीत नसे.

यांचे व्याख्यान सुरू झाले त्याच वेळी मांडवात पडदा लावून पोलादाच्या कारखान्यावरचा चित्रपट दाखवायला घेतला गेला. त्यानंतर पिशव्या वाटायच्या होत्या. वर्गात सातजण होते. त्यांपैकी एकजण झोपला होता. यांनी सगळे प्रयोग ठरल्याप्रमाणे करून दाखवले, पाणी खरोखर तापवले, आणि अर्ध्या तासाच्या दोन मिनिटे आधी संपवले. सहाजणांनी कागद घेतले. गठ्ठा तसाच राहिला.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मला तेव्हाही पटली नव्हती. गठ्ठा उचलून ते मांडवात गेले. कंपनीचा प्रतिनिधी एक तरुण, हसतमुख माणूस होता. तो पिशव्यांत डायरी आणि पेन्सिल भरीत होता.

"यात आमचा एक कागद टाकता येईल का?"

"टाका ना, मास्तर. पिशवीले काय वजन होते?"

आम्ही तिघे मिळून पिशव्या भरू लागलो. मी हळूच म्हटले, "अहो, खाली नाव-पत्ता तरी घाला. कंपनीचा कागद समजतील लोक." मी पेनसुद्धा काढून दिले.

ते म्हणाले, "नाव कायले पाहिजे? माझं अक्षर काय कोणाले माहीत नाही?"

अमरावतीत ते खरे होते. शाळाशाळांचे सूचनाफलक तेच लिहीत. अमरावतीच्या बाहेर त्यांचे अक्षर कोणी पाहिलेले नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. परतीच्या गाडीतून मूर्तिजापूरला काही मास्तर अरुंद रुळांच्या छोट्या गाडीसाठी उतरले. प्रत्येकाच्या खांद्याला ती पिशवी होती. हे खिडकीतून शेवटच्या पिशवीपर्यंत पाहत राहिले.

त्यानंतर वर्षभर त्यांनी टपालाची वाट पाहिली. कोणी काही विचारील, कोणी चूक दाखवील असे त्यांना वाटे. कागदावर पत्ताच नव्हता, तर पत्र येणार कुठून? मी ते बोलून दाखवले नाही. एकदा तेच म्हणाले, "रद्दीत गेले असतील." पुन्हा तो विषय निघाला नाही.

पाच वर्षांनी ते गेले. शेवटचे तीन महिने ते रजेवर होते. त्यांच्या जागी मूर्तिजापूरच्या पुढच्या एका खेड्यातून बदलून आलेले शिक्षक चौदाव्या दिवशी भेटायला आले. दोघांची भेट कधी झाली नव्हती. काय बोलावे ते त्यांना सुचेना, म्हणून ते आपल्या जुन्या शाळेविषयी बोलू लागले.

"आमच्याकडं काहीच नव्हतं, बाई. अकोल्याहून आमचे हेडमास्तर एक पिशवी घेऊन आले होते. डायरी त्यायनं ठेवली. आत कंपनीचा एक कागद होता, तो मले देला. त्याच्यावर चार-पाच वर्षं काढली पोरायनं. पुठ्ठ्यावर चिकटवला, तरी फाटत आला आता. कंपनीवाले असतात लबाड, पण तो कागद कोण्या मास्तरानंच लिहिला असंन."

"कशावरून?"

"खाली लिहिलं होतं, पहिले दोन बल्ब फुटतील, घाबरू नये. माल विकणारा असं लिहीत नाही."

मी चहा टाकायला उठले. फळीवर जवस, तीळ, ओवा असे डबे होते, त्यांवरच्या चिठ्ठ्या यांनीच लिहिलेल्या होत्या. ते शिक्षक बोलता बोलता थांबले. बसल्या जागेवरून उठून फळीजवळ आले आणि एकेक डबा वाचू लागले.

शेवटच्या डब्याच्या चिठ्ठीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "काहून नाव नाही टाकलं सरांनी?"

"त्यांना वाटले, लोक अक्षर ओळखतील."

त्यांनी मान हलवली. मग खाली बसत म्हणाले, "आमचे चार फुटले होते, बाई. पाचवा जमला."