मान सरळ ठेवजो!

माझी मान वाकडी आहे, कारण माझे डोळे हलतात. हे वाक्य समजायला आमच्या घराला मी लग्नाची होईपर्यंत वेळ लागला. आत्याला अजूनही समजलेलं नाही.

भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अगदी सोपं करून सांगितलं होतं. "हिचा एक डोळा तिरळा आहे आणि दोन्ही डोळे थरथरतात. ही दुखणी बरेचदा जोडीनं येतात. मान वळवली की थरथर कमी होते, म्हणून ती तसं बघते. मानेला काही झालेलं नाही."

"मंग मालिश कोणत्या तेलानं करू?" आत्यानं विचारलं.

आमच्याकडे पोट्टा तिरळा असला तर नशीबवान, अन् पोट्टी तिरळी असली तर ऐब! विहारात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारे माझे बाबासुद्धा (जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरी, पक्के विज्ञाननिष्ठ!) लाखनीचे पाहुणे मला बघायला येणार म्हटल्यावर हळूच म्हणाले, "पाहुणे जाईपर्यंत मान सरळ ठेवजो."

"बाबा, मान सरळ केली का मले धड दिसत नाही."

"तुले कायले दिसाले पायजे? पाहाले तं ते येऊन राहिले!"

आता खरं सांगते, मला हे स्थळ हवंच होतं. मुलगा फोनवर बोलला होता, आणि चक्क माझं ऐकूनही घेतलं होतं! असा नग परत कुठे मिळतो? म्हणून मान ताठ केली, चहाचा ट्रे उचलला आणि हॉलमध्ये शिरले.

झालं! डोळ्यांनी लेझीम सुरू केलं. समोर काहीतरी पांढरं दिसलं. जवळ आहे की लांब, ते मला एरवीही नीट कळत नाही (दोन डोळ्यांचं आपसात पटत नसल्यावर अंतर मोजणार कोण?). टीपॉयवरचं कापड असेल, असं समजून मी ट्रे अदबीनं त्यावर ठेवला.

ती मुलाच्या वडिलांची मांडी होती. रिटायर्ड हेडमास्तर, कडक इस्त्रीचा पांढरा पायजमा!

"अरे बापरे! भाजलो, भाजलो!" हेडमास्तर सोफ्यावर चढले.

"मान! मान सरळ ठेव!" आत्या आतून ओरडली.

मी घाबरून "माफ करा काका" म्हणत वाकले, ती नेमकी शेजारच्या काकूंच्या, म्हणजे मुलाच्या आईच्या, पाया पडले. मग मात्र माझं डोकं सटकलं. गेलं खड्ड्यात! मी मान वळवली. सगळं जागेवर आलं. हेडमास्तर लालबुंद, बाबा पांढरेफटक, आणि मुलगा तोंडावर रुमाल दाबून हसत होता.

"माह्या डोळ्यातच दोष आहे," मी सांगून टाकलं. "मान अशीच राहीन. जमत असन तं सांगा."

"जमते न!" मुलगा म्हणाला. "आमच्या घरी बाबापुढं आवाज चढवाची कोणाची हिंमत नाही. तुम्ही तं डायरेक्ट चहाच ओतला!"

लग्न झालं. ऑपरेशन केलं तर मान बरीच सरळ होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पण सासरे दोन्ही वेळचा चहा स्वतः करतात आणि मलाही आणून देतात. सांगा, मी कशाला घाई करू?